बैठकीतली तबकडी, माजघरातला आवाज : रेकॉर्ड प्लेअर घरच्या डिजिटल स्पीकरांना कसा जोडावा

आमच्या उदगीरच्या घरात पुढे बैठक, मध्ये चौक आणि मागे माजघर. बैठकीतून माजघरात जाईपर्यंत अडीच-अडीच फुटांच्या तीन भिंती लागतात. आजोबा हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात शिकायला होते. तेव्हापासून त्यांनी जमवलेल्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) तबकड्या आणि पुढे वडिलांनी घेतलेल्या एलपी (३३ फेऱ्यांच्या), हा सगळा ऐवज बैठकीतल्या फडताळात आहे. ज्या आजीला तो सगळ्यात जास्त हवा, ती मात्र माजघरात पलंगावर. नव्वदी ओलांडली आहे, पुढे येणं होत नाही. फोनवर तेच गाणं लावून दिलं की म्हणते, "हे आपलं नाही. आपल्या तबकडीत मधे खर्रर् होतं."

ती खर्रर् तिच्या उशाशी पोचवायची होती. प्लेअर बैठकीतच ठेवायचा, आवाज मात्र वाय-फायवरून घरातल्या कुठल्याही स्पीकरवर आणायचा. ते जमलं. जमायला दोन महिने लागले, कारण सुरुवातीला मी सगळ्या वस्तू एकदम आणून एकदम जोडल्या आणि बिघाड कुठे आहे तेच कळेना. म्हणून पहिली सूचना हीच : एक कडी जोडा, कानाने तपासा, मगच पुढची जोडा. खालचा सगळा क्रम त्याच पद्धतीने लावला आहे.

सुईपासून स्पीकरपर्यंत काय घडतं

तबकडीच्या खाचेत सुई थरथरते. त्या थरथरीतून कार्ट्रिजमधलं (सुई जिच्यात बसवलेली असते त्या डबीतलं) छोटं चुंबक आणि तारेचं वेटोळं वीज तयार करतात. ही वीज अगदीच नाजूक, साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. एरवी अँपला किंवा स्ट्रीमरला (आवाज वाय-फायवर पाठवणाऱ्या खोक्याला) जो सिग्नल लागतो, ज्याला लाइन लेव्हल म्हणतात, तो काही शे मिलिव्होल्टपासून २ व्होल्टपर्यंत असतो. म्हणजे सुईचा आवाज आधी शंभरेक पटींनी मोठा करावा लागतो. हे काम फोनो प्रीअँप करतो.

तो आणखी एक काम करतो आणि ते अनेकांना ठाऊक नसतं. तबकडी कापताना खर्जाचे आवाज मुद्दाम दाबलेले असतात आणि तार आवाज मुद्दाम चढवलेले असतात. खर्ज जशाचा तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर गाणीच मावणार नाहीत. उलट तार आवाज चढवून कोरले की ऐकताना ते परत खाली आणता येतात आणि सोबत खाचेची खरखरही दबते. किती दाबायचं, किती चढवायचं याचा नियम १९५० च्या दशकात ठरला. त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल कमी, २० किलोहर्ट्झला सुमारे २० डेसिबल जास्त. फोनो प्रीअँप याच्या बरोब्बर उलट करतो. म्हणून प्रीअँप मध्ये नसेल तर आवाज नुसता बारीक येत नाही, तबला गायब आणि झांजा कर्कश असा येतो. असा आवाज आला की समजा, हीच कडी सुटली आहे.

प्रीअँपनंतर येतो डिजिटलचा टप्पा. लाइन लेव्हलचा सिग्नल एका खोक्यात जातो, तिथे त्याचे आकडे होतात आणि ते आकडे वाय-फायवरून किंवा नेटवर्कच्या तारेतून दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरपर्यंत जातात. साखळी एवढीच : सुई, प्रीअँप, लाइन-इन असलेला स्ट्रीमर, राउटर, स्पीकर.

तुमच्याकडचा प्लेअर ओळखा

मागच्या बाजूला बघा. फोनो आणि लाइन असं लिहिलेली छोटी कळ असेल तर प्रीअँप आतच आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्स आणि एलपी१२०एक्स या लोकप्रिय मॉडेलांत तो असतो. कळ 'लाइन'वर ठेवा आणि वेगळा प्रीअँप घेऊ नका. कळ नसेल, लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना आणि सोबत एक बारीक सुटी तार बाहेर आली असेल, तर बाहेरून प्रीअँप लागेल. तो 'मूव्हिंग मॅग्नेट'साठीचा (हलत्या चुंबकाच्या कार्ट्रिजसाठीचा), ४७ किलोओहम इनपुटचा घ्या. सर्वसाधारण कार्ट्रिजला तोच चालतो.

घरोघरी माळ्यावर सापडणाऱ्या, एचएमव्ही फिएस्टासारख्या पेटीवजा प्लेअरची गोष्ट वेगळी. त्यांत सिरॅमिक किंवा क्रिस्टल जातीचं कार्ट्रिज असायचं. त्याचा सिग्नल मुळातच मोठा असतो आणि त्याला हा प्रीअँप लावायचा नसतो. पण अशा प्लेअरची सुई जड बसते. आठवण म्हणून तो जपा. जपून ठेवलेल्या एलपी मात्र त्यावर रोज लावू नका.

अमेरिकेतल्या भाच्याने प्लेअर पाठवला असेल तर नुसता व्होल्टेज कन्व्हर्टर पुरत नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या अनेक जुन्या प्लेअरांची मोटर विजेच्या आवर्तनांवर फिरते. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. मिनिटाला ३३ फेऱ्यांऐवजी जेमतेम २८ होतात आणि गायक आजारी असल्यासारखा वाटतो. अडॅप्टरवर चालणारा प्लेअर असेल आणि अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर निर्धास्त वापरा.

कुठला खोका घ्यायचा

इथे पैसे वाया जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बहुतेक घरांत असलेल्या छोट्या स्मार्ट स्पीकरला आवाज आत घ्यायचं भोकच नसतं. तेव्हा लाइन-इन असलेला एक तरी स्ट्रीमर लागतो. मी बैठकीत वीम प्रो ठेवला आहे. त्याला आरसीएचं लाइन-इनही आहे आणि नेटवर्कची तार लावायची सोयही. आजीच्या खोलीत त्याच कंपनीचा वीम मिनी, एका साध्या पॉवर्ड (आतच अँप असलेल्या) स्पीकरच्या जोडीला लावलेला. वीम अल्ट्रामध्ये फोनो इनपुटच आहे, म्हणजे प्रीअँपशिवाय टर्नटेबल थेट जोडता येतो. सोनोसच्या फाइव्हला ३.५ मिमीचं लाइन-इन आहे, इरा १०० ला त्यासाठी वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो.

एक गोष्ट आधी नक्की करा. एका कंपनीच्या खोक्यात शिरलेला लाइन-इनचा आवाज सहसा त्याच कंपनीच्या इतर खोक्यांवर जातो, दुसऱ्याच्या नाही. फोनवरची गाणी सगळीकडे वाजतात म्हणून प्लेअरचा आवाजही सगळीकडे जाईल, असं धरून चालू नका.

ब्लूटूथवाले टर्नटेबलही मिळतात. एकाच खोलीत ऐकायचं असेल तर ती सोय खरंच चांगली, तारेचा त्रास नाही. पण आवाज दाबून पाठवला जातो आणि जुन्या वाड्याच्या एका भिंतीतच तो अडखळतो. आमच्याकडे चौकातच तुटायला लागला.

हाताने जुळवाजुळव करायची हौस असलेल्यांसाठी तिसरा मार्ग आहे, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर. त्याला आवाज आत घ्यायची सोय नाही, म्हणून यूएसबी साउंडकार्ड लागतं. बेहरिंगरच्या यूएफओ२०२ मध्ये फोनो प्रीअँपही आहे. पायवर डार्कआइस हा प्रोग्राम आवाज घेतो आणि आइसकास्ट तो घरातल्या घरात रेडिओ केंद्रासारखा सोडतो, नेहमीच्या मांडणीत ८००० क्रमांकाच्या पोर्टवर. फोनवर व्हीएलसीमध्ये तो पत्ता टाकला की झालं. उदगीर-लातूरच्या कॉलेजांतल्या मुलांना हे एका रविवारी जमेल. पण आजीच्या खोलीत मला एका बटणावर चालणारी गोष्ट हवी होती.

जागा

टर्नटेबलला दोन गोष्टी हव्यात, सपाटी आणि स्थिरता. शहाबादी फरशी यासाठी उत्तम, लाकडी टेबल तेवढं नाही. त्याहून उत्तम म्हणजे जाड भिंतीतलं फडताळ. माणसं चालली तरी ते हलत नाही. खोली आणि रुंदी आधी मोजा, झाकण उघडायला वरही जागा लागते. मग गवंड्याची पाणसळ तबकडीच्या थाळीवर ठेवून आडवी-उभी दोन्ही बघा आणि पायाखाली पातळ रबर सारून सपाटी आणा.

स्पीकर त्याच फळीवर ठेवू नका. स्पीकरचा खर्ज सुईला हलवतो, सुई तोच आवाज परत पाठवते आणि घुमारा वाढत जातो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४२-४३ अंश असतात. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत त्याच्याही पुढे जातात. एलपी ६० अंशांच्या आसपास वाकायला लागते आणि वजनाखाली आडव्या ठेवलेल्या तबकड्या त्याआधीच बिघडू शकतात. खालच्या मजल्यावर, उन्हाच्या भिंतीपासून दूर, उभ्या ठेवा. आमच्या माळवदाच्या घरात त्या इतकी वर्षं टिकल्या, त्याचं श्रेय त्या गार भिंतींना आहे.

जोडणी

सगळं बंद करून सुरुवात करा. कार्ट्रिजचं वजन लावायची सोय असेल तर ते आधी. दांडी हवेत तरंगेल इतपत मागचं वजन फिरवा, तिथे आकड्याची चकती शून्यावर आणा आणि मग कार्ट्रिजला जेवढं सांगितलं आहे तेवढं द्या. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, ऑर्टोफॉन २एम रेडला १.८. अँटिस्केट (दांडीची आतल्या बाजूची ओढ सावरणारी चकती) तेवढ्यावरच ठेवा. कमी वजन म्हणजे तबकडीला आराम, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त ओरखडते.

मग टर्नटेबलची लाल-पांढरी तार प्रीअँपच्या इनपुटला. सुटी बारीक तार प्रीअँपच्या मागच्या जीएनडी (ग्राउंड, म्हणजे अर्थ) लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट. प्रीअँपच्या आउटपुटमधून दुसरी जोडी काढा, पण ती अजून स्ट्रीमरला लावू नका. आधी एखाद्या साध्या अँपला किंवा पॉवर्ड स्पीकरच्या ऑक्सला लावून ऐका. तबला भरलेला, आवाज स्वच्छ, दोन्ही बाजू सारख्या? मग पुढे. आवाज फाटत असेल, खर्ज अंगावर येत असेल, तर बहुधा प्लेअरमधला प्रीअँपही चालू आहे आणि बाहेरचाही. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. कळ 'लाइन'वर होती आणि मी आठ दिवस तारा बदलत बसलो.

आता स्ट्रीमर. प्रीअँपचं आउटपुट त्याच्या लाइन-इनला. लाइन-इन आणि लाइन-आउट शेजारी आणि दिसायला सारखेच असतात, लेबल वाचून लावा. अ‍ॅपमध्ये स्रोत 'लाइन-इन' निवडा आणि तबकडीतला सगळ्यात चढा भाग लावा. आवाज बारीक असेल तर अ‍ॅपमध्ये लाइन-इनची लेव्हल वाढवायची सोय शोधा. ती वाढवताना चढ्या तानेला कान द्या. डिजिटलमध्ये मर्यादा ओलांडली की आवाज एकदम चिरतो. थोडी जागा राखून ठेवा, पुढच्या स्पीकरचा आवाज हवा तेवढा वाढवता येतो.

घरघर

आमच्या भागात सगळ्यात जास्त रडवते ती ही. सुई उचललेली असतानाही खालच्या सुरात सलग हम्म् ऐकू येत असेल तर आधी ती बारीक अर्थची तार बघा. नव्वद टक्के वेळा तिथेच सापडतं, असं मला आमच्या वायरमनने सांगितलं आणि माझ्याकडे दोनदा तेच निघालं. तार ठीक असेल तर प्रीअँपचा अडॅप्टर टर्नटेबलपासून लांब सरकवा. टर्नटेबल, प्रीअँप आणि स्ट्रीमर तिन्ही एकाच एक्सटेन्शन बोर्डावर घ्या. वेगवेगळ्या खोल्यांच्या प्लगमधून वीज घेतली की अर्थचं वेटोळं तयार होतं आणि ५० हर्ट्झचा हम त्यातून शिरतो. टीव्ही आणि डिशची तार त्याच अँपला जोडलेली असेल तर ती काढून बघा.

तरी गेली नाही, तर घराचं अर्थिंग. मीठ-कोळशाचा तो खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, काळ्या मातीला भेगा जातात आणि अर्थ नावापुरता उरतो. एप्रिलमध्ये वायरमन म्हणाला, "दादा, प्लेअर नका बघू, खड्ड्यात चार बादल्या पाणी टाका." टाकलं. संध्याकाळपर्यंत फरक पडला. आता मार्चपासून दर आठवड्याला घालतो. थ्री-पिनची अर्थची पिन काढून हम घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती पिन जीव वाचवायला असते.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर नवाच करकर आवाज सुरू झाला, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हवर हा त्रास नसतो.

नेटवर्क

आवाजाला फार वेग लागत नाही. सीडीच्या दर्जाचा न दाबलेला आवाज सेकंदाला १४११ किलोबिट. साधं वाय-फाय ते सहज पेलतं. अडचण भिंतींची. दगड-मातीच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ फारसं जात नाही, २.४ थोडं जास्त जातं. आम्ही शेवटी चौकातून, वळचणीखालून, नेटवर्कची तार माजघरापर्यंत नेली आणि तिकडे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला. ही तार १०० मीटरपर्यंत चालते. बैठकीतला स्ट्रीमर थेट तारेवर आहे. त्या दिवसापासून आवाज एकदाही तुटलेला नाही.

सुई टेकल्यावर माजघरात आवाज यायला किंचित उशीर होतो. हे बरोबरच आहे, स्ट्रीमर आवाज साठवून मग पाठवतो. बैठकीतला स्पीकर मात्र प्रीअँपला थेट जोडू नका. तसं केलं तर चौकात उभं राहिल्यावर एकच ओळ दोनदा ऐकू येते. तोही स्ट्रीमरमधूनच घ्या आणि अ‍ॅपमध्ये दोन्ही खोल्यांचा गट करा, मग दोन्हीकडे एकाच वेळी वाजतं.

७८ च्या तबकड्यांसाठी

त्या प्लास्टिकच्या नाहीत, लाखेच्या आहेत. हैदराबादच्या लाड बाजारातल्या बांगड्या ज्या लाखेच्या, तीच ही, दगडाची पूड मिसळलेली. म्हणून पडली की बांगडीसारखीच फुटते. आणि म्हणूनच स्पिरिट किंवा सॅनिटायझर तिला कधीही लावायचं नाही. सुतार पॉलिशसाठी चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवतो, तेच तुमच्या तबकडीचं होईल. मऊ ब्रशने धूळ काढा. अगदीच मळकी असेल तर डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसा, लेबल कोरडं ठेवा आणि लगेच टिपून घ्या. बोअरचं पाणी नको, एलपीलाही नको. त्यातला क्षार खाचेत बसतो.

७८ ची खाच रुंद असते, तिला ३ मिलची सुई लागते (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची साधारण ०.७ मिलची सुई तिथे खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर देते. व्हीएम९५ मालिकेत ७८ साठी एसपी नावाची सुई आहे. कार्ट्रिज तेच ठेवून पुढची सुई तेवढी बदलता येते, वजन मात्र ५ ग्रॅम द्यावं लागतं. सुई परत बदलताना वजनही परत बदला. एलपी१२०एक्सवर ७८ चा वेग आहे, एलपी६०एक्सवर नाही. या तबकड्या मोनो आहेत. स्ट्रीमरच्या अ‍ॅपमध्ये मोनोची सोय असेल तर ती लावा, खरखर लक्षात येण्याइतकी कमी होते.

दहा इंची ७८ ची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात गवयाने राग उभा केलेला असतो. दर तीन मिनिटांनी उठून बाजू बदलायला मला आनंदच वाटतो, पण मी घरी नसताना आजीला कोण लावून देणार? म्हणून शेवटचं काम.

एकदा नोंदवून ठेवा

स्ट्रीमरला जाणारी तीच लाइन लेव्हलची तार कॉम्प्युटरच्या यूएसबी साउंडकार्डला लावा आणि ऑडॅसिटीमध्ये नोंदवा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. सगळ्यात चढा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात, २४ बिट ९६ ला २ गिगाबाइटच्या थोडं वर. फ्लॅक या फाइल-प्रकारात साठवलं तर जागा साधारण निम्म्यावर येते आणि आवाजातलं काही जात नाही. खरखर काढायची साधनं त्यात आहेत, पण मूळ नोंद तशीच ठेवून प्रतीवर हात चालवा. जोर लावला की खरखरीबरोबर तंबोऱ्याची आसही जाते. ७८ चा वेग नसलेल्या प्लेअरवर योग्य सुईने ४५ वर नोंदवून नंतर ऑडॅसिटीत वेग ७८ करता येतो. थोडी पट्टी पुढे-मागे करावी लागते, आवाजाचा पोत टोन कंट्रोलने सावरावा लागतो.

फाइलला नाव देताना गायक, राग किंवा गाणं आणि लेबलवरचा क्रमांक तिन्ही टाका. क्रमांक टाकला की तीच तबकडी पुढे शोधता येते. पेनड्राइव्ह राउटरला लावला आहे, तिथून आजीच्या स्पीकरवर वाजतं. लोडशेडिंगमध्ये राउटर आणि तो स्पीकर एवढंच इन्व्हर्टरवर घेतलं की दुपार निघते.

तीन तबकड्यांची लेबलं वाळवीने खाल्ली आहेत. आजीने दोन पहिल्या आलापातच ओळखल्या, नावं मी फाइलवर लिहिली. तिसरी रोज एकदा लावायला सांगते.